आधी सुई-दोरा, मग पडदा: ‘समथिंग द लॉर्ड मेड’ दाखवायचा कसा

‘समथिंग द लॉर्ड मेड’ हा एचबीओचा २००४ चा दूरचित्रपट. दिग्दर्शक जोसेफ सार्जंट, लांबी ११० मिनिटं. अ‍ॅलन रिकमनने सर्जन डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉकची भूमिका केली आहे, मॉस डेफने त्याचा तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमसची आणि मेरी स्टुअर्ट मास्टरसनने मुलांच्या हृदयरोगाच्या डॉक्टर हेलन टॉसिगची. निळ्या पडलेल्या बाळांवरची पहिली शस्त्रक्रिया आणि ती घडवणारा कृष्णवर्णीय तंत्रज्ञ, एवढाच विषय. तरीही तो दाखवताना एक चूक हमखास होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर लावला की चर्चा शस्त्रक्रियेवर अडकते. समाजशास्त्राच्या वर्गात लावला की फक्त वर्णभेदावर बोलणं होतं आणि शस्त्रक्रिया ‘काहीतरी हृदयाचं ऑपरेशन’ एवढीच उरते. या चित्रपटात मात्र वर्णभेद ऑपरेशन थिएटरच्या आत आहे: कोण टेबलाशी उभा राहतो, कोण मागे चौरंगावर, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचं नाव छापलं जातं. हे प्रेक्षकाला दिसायचं असेल तर त्याने आधी तो सांधा स्वतःच्या हाताने शिवून पाहायला हवा. म्हणून या मार्गदर्शिकेत शिवणकामाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

कार्यक्रम दोन दिवसांत विभागा. पहिल्या दिवशी सव्वा तास: २० मिनिटं हृदयाची ओळख, ५५ मिनिटं शिवण. दुसऱ्या दिवशी तीन तासांहून थोडं जास्त: पाच मिनिटं ओळख, चित्रपट, १० मिनिटं विश्रांती आणि पूर्ण एक तास चर्चा. सगळं एकाच दिवशी कोंबलं की काट चर्चेच्या तासालाच लागते. गट १२ ते २४ जणांचा आणि सम संख्येचा ठेवा, कारण जोड्या लावायच्या आहेत. वर्गाबाहेरचा जाहीर खेळ असेल तर प्रदर्शनाची परवानगी आधी मिळवा.

फळ्यावरचं हृदय

तयार छापील आकृती वाटू नका. लोक ती घडी करून पिशवीत टाकतात. फळ्यावर लाल आणि निळा असे दोन खडू घेऊन सगळ्यांसमोर काढा, म्हणजे प्रवाह डोळ्यांसमोर वाहतो.

आधी निरोगी हृदय. चार कप्पे. शरीरातून आलेलं निळं रक्त उजव्या बाजूला येतं, उजव्या खालच्या कप्प्यातून, म्हणजे उजव्या जवनिकेतून, फुप्फुस धमनीमार्गे फुप्फुसात जातं, तिथे प्राणवायू घेऊन लाल होतं, डाव्या बाजूला परततं आणि महाधमनीतून सगळ्या शरीरात जातं. इथे खडू बाजूला ठेवा आणि एकाला पुढे बोलावून तो मार्ग बोटाने गिरवायला सांगा.

आता त्याच चित्रात चार बदल करा. फुप्फुस धमनीचं तोंड अरुंद करा. दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पाडा. महाधमनी थोडी उजवीकडे सरकवा, म्हणजे ती त्या भोकाच्या बरोबर वर बसेल. आणि उजव्या जवनिकेची भिंत जाड करा, कारण अरुंद तोंडातून रक्त ढकलताना त्या स्नायूला सतत जोर लावावा लागतो. याला ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ म्हणतात. फॅलो या फ्रेंच डॉक्टरने १८८८ मध्ये त्याचं वर्णन केलं. फुप्फुसाकडची वाट अडल्यामुळे निळं रक्त भोकातून थेट महाधमनीत घुसतं. प्राणवायू न घेतलेलं हिमोग्लोबिन दर डेसिलीटर रक्तात साधारण ५ ग्रॅमच्या वर गेलं की ओठ आणि नखं निळी दिसू लागतात. ही मुलं चार पावलं चालली की उकिडवी बसतात. त्याचं कारणही सांगा: उकिडवं बसल्यावर पायांच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडच्या वाटेतला विरोध वाढतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. मुलाला हे कोणी शिकवलेलं नसतं.

यानंतर टॉसिगची कल्पना सांगा. टॉसिग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुलांच्या हृदयरोगाचा विभाग सांभाळत. त्यांना ऐकू कमी येत असे, त्यामुळे छातीवर बोटं टेकवून त्या हृदयाची थरथर ओळखत. त्यांनी एक गोष्ट हेरली होती. जन्मापूर्वी महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते आणि जन्मानंतर ती बंद होते. काही निळ्या बाळांमध्ये ही नळी उघडीच राहायची, आणि अशी बाळं तुलनेने बरी असायची. ती बंद झाली की त्यांची तब्येत ढासळायची. बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये अशी उघडी राहिलेली नळी शस्त्रक्रियेने बांधून दाखवली होती. टॉसिग यांना नेमकं उलट हवं होतं: बंद झालेल्या नळीच्या जागी नवी वाट कोणी तयार करून देईल का?

फळ्यावर शेवटची रेघ तीच काढा. गळपट्टीच्या हाडाखालून हाताकडे जाणारी धमनी, म्हणजे सबक्लेव्हियन, कापून खाली वळवायची आणि तिचं टोक फुप्फुस धमनीच्या कुशीला जोडायचं. महाधमनीतलं अर्धवट निळं रक्त या वाटेने पुन्हा फुप्फुसाकडे जातं. हृदयातला दोष तसाच राहतो, पण रक्ताला प्राणवायू घ्यायची दुसरी संधी मिळते.

इथे एक प्रश्न दरवेळी येतो: मग त्या हाताचं काय? खांद्याभोवती लहान धमन्यांचं जाळं असतं, त्या वाटेने हाताला रक्त पोचतं. त्या बाजूच्या मनगटाची नाडी मात्र मंद लागते किंवा लागतच नाही. दुसरा प्रश्न, हे कायमचं बरं होणं आहे का? नाही. मूल वाढतं तशी ती वाट अपुरी पडते. हृदय उघडून दोष दुरुस्त करणं मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांना १९५४ मध्ये जमलं. तोवर हीच वाट होती, आणि काही बाळांना ती आजही लागते, फक्त आता धमनी न कापता मध्ये कृत्रिम नळी बसवतात.

फुग्यावरचा सांधा

दर जोडीला लागणारं सामान: आकार करायचे लांब फुगे दोन वेगवेगळ्या रंगांचे, बारीक सुई, रेशमी किंवा पॉलिस्टरचा एकपदरी बारीक दोरा ३० सेंमी, टोकदार छोटी कात्री, दोन चिमटे, मार्कर, २० मिलीची सुई नसलेली सिरिंज, आणि रंग घातलेलं पाणी. मेडिकल कॉलेजात मुदत संपलेले ५-० किंवा ६-० या बारीक जाडीचे टाक्यांचे दोरे सुईसकट मिळतात, ते असतील तर उत्तम. साधी सुई तापवून वाकवायचा प्रयत्न करू नका. तापवली की पोलाद मऊ पडतं, आणि टोक रबरातच मुडपतं. ज्यांना रबराची अ‍ॅलर्जी आहे त्यांना आधीच विचारून ठेवा. त्यांच्यासाठी पातळ सिलिकॉनची नळी घ्या.

एका रंगाच्या फुग्याचा १० सेंमी तुकडा कापा. ही फुप्फुस धमनी. दुसऱ्या रंगाचा ६ सेंमी तुकडा ही सबक्लेव्हियन. दोन्हींवर मार्करने टोकापासून टोकापर्यंत एक सरळ रेघ मारा. ही रेघ पुढे वाचवणार आहे. १० सेंमीचा तुकडा पुठ्ठ्यावर आडवा ठेवून दोन्ही टोकं चिकटपट्टीने पक्की करा.

आता चीर. जोडायची (६ सेंमीची) नळी चपटी ठेवून तिची रुंदी मोजा, साधारण ९ मिमी भरेल. आडव्या नळीवर, लांबीच्या दिशेने, ८ मिमीची चीर द्या. याचं गणित साधं आहे. चिरेला दोन कडा असतात, त्यामुळे चीर उघडली की तिचा घेर लांबीच्या दुप्पट होतो, आणि तो जोडायच्या नळीच्या घेराइतका हवा. चपट्या नळीचा घेर रुंदीच्या दुप्पट, म्हणजे चीर त्या रुंदीइतकी लांब हवी. रबर ताणलं जातं म्हणून एक मिलिमीटर कमी. चीर मोठी झाली की टोक ताणून बसवावं लागतं आणि टाके रबर फाडतात. लहान झाली की चुण्या पडतात आणि चुणीतून गळतं.

टाके कडेपासून १ मिमी आत आणि एकमेकांपासून दीड मिमीवर. १८ मिमीच्या घेराला साधारण १२ टाके होतात. आधी मागची बाजू शिवायची, कारण पुढची शिवून झाली की मागे सुई पोचत नाही. मागचे सहा टाके घालताना दोरा ओढू नका. शिडीच्या पायऱ्यांसारखे सैल राहू द्या, म्हणजे प्रत्येक पायरीत सुई कुठे शिरली ते दिसतं. सहा झाले की दोन्ही टोकं धरून हळूहळू ओढा, दोन्ही नळ्या एकमेकींना येऊन टेकतात. या क्षणी कडा बाहेरच्या बाजूला, शर्टाच्या कॉलरसारख्या उभ्या राहायला हव्यात. आत मुडपल्या असतील तर टाके उसवून पुन्हा घाला. खऱ्या धमनीत गुळगुळीत अस्तर अस्तराला भिडावं लागतं. कापलेली कड किंवा दोरा रक्ताच्या वाटेत आला की त्यावर गुठळी धरते, आणि इतक्या अरुंद वाटेत एक गुठळी पुरेशी असते.

मागची बाजू झाली की दोन्ही कोपऱ्यांना वेगवेगळी गाठ मारा. इथेच सगळ्यात जास्त जण फसतात. एकच दोरा सबंध घेराभोवती फिरवून शेवटी जोरात ओढला की सांधा बटव्याच्या नाडीसारखा आवळतो. बाहेरून सुबक दिसतो, आत वाट निम्मी झालेली असते. दोन कोपऱ्यांच्या दोन गाठी असल्या की आवळण्याला आडकाठी होते. मग पुढचे टाके. शेवटचे दोन टाके घालण्याआधी बोथट काडी किंवा पेनाची रिकामी रिफील आत घालून पाहा. ती अडत असेल तर पुढचा टाका घालताना सुईने मागची भिंत सोबत पकडली आहे. बंद करायच्या आधी हे कळलं तर एक टाका उसवावा लागतो, नंतर कळलं तर सगळा सांधा.

तपासणी: आडव्या नळीचं एक टोक चिमटीत धरा, उभ्या नळीतून सिरिंजने रंगीत पाणी सावकाश सोडा. सुईच्या भोकांतून बारीक थेंब येतील. रबराला ते चालायचंच. खऱ्या धमनीत ती भोकं रक्त गोठून बुजतात. धार उडाली तर मात्र दोन टाक्यांत फट आहे. सगळं उसवू नका, त्याच जागी एक सुटा टाका घाला. पाणी शिरलं पण पलीकडून बाहेर आलंच नाही तर मार्करची रेघ पाहा. ती पिळाच्या दोरीसारखी फिरलेली दिसली की नळी जोडताना वळली आहे. आणि पाणी सोडल्यावर सांधा मधूनच मोडल्यासारखा वाकत असेल, तर उभी नळी गरजेपेक्षा लांब राहिली आहे. आखूड ठेवली तर टाक्यांवर ताण येतो. ही लांबी नजरेनेच ठरवावी लागते.

पहिला सांधा झाल्यावर गटाला सांगा: तुमची नळी सरळ धरल्यावर जेमतेम ६ मिमी व्यासाची आहे, बाळाची धमनी याच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि तीही हलत्या छातीत, हृदयाचे ठोके चालू असताना. २९ नोव्हेंबर १९४४ ला हॉपकिन्समध्ये या पहिल्याच शस्त्रक्रियेसाठी टेबलावर जी मुलगी होती, तिचं वजन ४ किलोच्या आसपास होतं.

मग दुसरा सांधा, वेगळ्या रीतीने. जोडीतला एक जण शिवायला बसतो. दुसरा त्याच्या उजव्या खांद्यामागे, पायाखाली बुटका चौरंग घेऊन उभा राहतो. मागच्याने हात लावायचा नाही, फक्त बोलायचं: ‘टाका जरा मागे घे’, ‘दोरा सैल सोड’, ‘उलट्या दिशेने’. मागे उभा राहणारा तो निवडा, ज्याचा पहिला सांधा चांगला झाला होता. त्या दिवशीच्या थिएटरमधली रचना हीच होती. या शस्त्रक्रियेचा सराव थॉमसने प्रयोगशाळेत असंख्य वेळा केला होता. ब्लॅलॉकचा हात त्यावर जेमतेम एकदा पडला होता, तोही थॉमस सोबत असताना. म्हणून ब्लॅलॉकने त्याला बोलावून घेतलं, आणि थॉमस मागे चौरंगावर उभा राहून सूचना देत होता. हे गटाला आत्ता सांगू नका. चित्रपटात त्यांना ते आपोआप सापडू द्या.

वेळ संपली की प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या आणि एकच ओळ लिहायला सांगा: ‘आमच्या जोडीचा दुसरा सांधा कोणी केला?’ चर्चा नको, नावं वाचून दाखवणं नको. चिठ्ठ्या पाकिटात बंद करून ठेवा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. ‘आज तुम्ही काळे, तुम्ही गोरे’ अशी सोंगं देऊन वर्णभेदाचा खेळ घेऊ नका. दहा मिनिटांचा अपमान सोसून ती व्यवस्था समजते असा खोटा भास त्यातून होतो, आणि गटात जो आधीच कशामुळे तरी वेगळा पडलेला असतो, त्यालाच त्याचा चटका बसतो. वर्णभेद समजायला नोंदी पुरेशा आहेत.

पडदा लावण्याआधी

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत एवढंच सांगा. थॉमसचा जन्म १९१० चा, वाढला टेनेसीमधल्या नॅशव्हिलला. वडील सुतार, आणि हाही सुतारकामात तरबेज. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवत होता. १९२९ ची मंदी आली, काम गेलं, पुढे बँक बुडाली आणि साठवलेलं सगळं गेलं. फेब्रुवारी १९३० मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लॅलॉकच्या प्रयोगशाळेत आठवड्याला १२ डॉलरवर लागला. काम संशोधन सहायकाचं, पगारपत्रकात नोंद सफाई कामगाराची.

दोघांनी तिथे ‘शॉक’वर, म्हणजे मोठ्या जखमेनंतर रक्ताभिसरण कोसळण्यावर, काम केलं. जखमेतून कुठलं तरी विष अंगभर पसरतं म्हणून माणूस दगावतो असा समज होता. रक्तवाहिन्यांमधलं रक्त आणि द्रव कमी झाल्याने शॉक येतो, हे त्यांच्या प्रयोगांनी दाखवलं. म्हणजे इलाज रक्त आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) भरून काढण्याचा. दुसऱ्या महायुद्धात याने असंख्य सैनिक वाचले. आणि याच युद्धात अमेरिकन रेड क्रॉसने कृष्णवर्णीयांचं रक्त आधी नाकारलं, मग १९४२ पासून घेतलं, पण वेगळी खूण लावून वेगळं ठेवलं. ही पद्धत १९५० मध्ये थांबली. हा तपशील जरूर सांगा. रक्तात फरक नाही हे ज्या क्षेत्राला पक्कं माहीत होतं, त्याच क्षेत्रात बाटल्यांवर वंश लिहिला जात होता. चित्रपटातल्या गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या शौचालयांच्या पाट्या मग केवळ सजावट वाटत नाहीत.

संवाद इंग्रजीत आहेत आणि रिकमनने दक्षिणेकडची अमेरिकी ढब घेतली आहे. इंग्रजी सबटायटल्स लावाच. खोली पूर्ण काळोखी न करता मागे एक दिवा राहू द्या. कुत्र्यांवरच्या प्रयोगांची आणि उघड्या छातीची दृश्यं आहेत, हे आधी सांगा म्हणजे कोणी चकित होत नाही.

प्रत्येकाला एकच काम द्या: पूर्ण वेळ हातांकडे लक्ष ठेवायचं. कोणाचे हात काय करतायत, आणि ते काम चाललेलं असताना त्या माणसाला लोक कोण समजतायत. टिपणं काढायला लावू नका. कागदात डोकं घातलं की नेमके हातच निसटतात.

थांबायचं असेल तर एकदाच थांबा, ब्लॅलॉक थॉमसला बोलावतो तिथे. एक मिनिट, प्रश्नोत्तरं नाहीत, फक्त पडदा स्थिर ठेवा. आदल्या दिवशी चौरंगावर उभे राहिलेले लोक त्या मिनिटात एकमेकांकडे बघतात. पुढे न थांबता शेवटपर्यंत जाऊ द्या.

चर्चेचा तास

‘कसा वाटला?’ असं विचारू नका. ‘छान होता, रडू आलं’ याच्यापुढे गाडी सरकत नाही. सुरुवात नोंदींपासून करा. चार मोठे कागद भिंतीवर लावा, एकेकावर एक नोंद.

पहिला: पगारपत्रक, १९३० आणि १९४१. ब्लॅलॉक १९४१ मध्ये हॉपकिन्सला शल्यविभागाचा प्रमुख म्हणून गेला, तेव्हा थॉमसला सोबत नेलं. त्या रुग्णालयात कृष्णवर्णीय कर्मचारी होते ते सफाई आणि तत्सम कामांवर. पांढरा कोट घालून मार्गिकेतून चाललेल्या थॉमसकडे लोक वळून पाहत. चित्रपटातलं ते दृश्य पुन्हा लावायला हरकत नाही, फार थोडा वेळ लागतो.

दुसरा: मे १९४५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापलेला शोधनिबंध. तीन रुग्ण. लेखक दोन, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमसचं नाव कुठेही नाही.

तिसरा: १९७१. थॉमसने घडवलेल्या सर्जनांनी पुढाकार घेऊन त्याचं तैलचित्र काढून घेतलं होतं, ते त्या वर्षी हॉपकिन्सला अर्पण झालं. तोवर ब्लॅलॉकला जाऊन सहा वर्षांहून जास्त काळ झाला होता.

चौथा: १९७६. हॉपकिन्सने थॉमसला मानद डॉक्टरेट दिली, ती कायद्याची. वैद्यकाची नाही.

प्रत्येक कागदाखाली गटाने लिहायचं: हा निर्णय कोणाच्या हातात होता? ‘समाजाच्या’ असं उत्तर स्वीकारू नका. पगाराची श्रेणी कोणीतरी टेबलावर बसून ठरवते. लेखकांची यादी कोणीतरी टाइप करते. नेमकं पद लिहायला लावा: संपादक, विभागप्रमुख, विश्वस्त.

चर्चा कुठे घसरते, ते ठरलेलं आहे. कोणीतरी म्हणतं, ‘त्या काळी असंच होतं.’ इथे थॉमसच्या भावाला पुढे आणा. हॅरल्ड थॉमस नॅशव्हिलमध्ये शिक्षक होता. कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांपेक्षा कमी पगार मिळतो म्हणून त्याने शाळा मंडळावर दावा लावला. वकिलांमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे थर्गुड मार्शल होते, आणि दावा जिंकला. हा निकाल १९४२ चा. म्हणजे ‘त्या काळी’ हे चालवून घेणारे होते तसे कोर्टात खेचणारेही होते, आणि ते थॉमसच्या घरातच होते. चित्रपटात हा भाऊ आहे, पण प्रेक्षकांच्या लक्षात राहत नाही.

मग येतं, ‘ब्लॅलॉक चांगला होता की वाईट?’ दोन रकाने आखा. एकात त्याने केलेलं: हॉपकिन्सला जाताना थॉमसला सोबत नेण्याचा आग्रह, त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला मागे उभं करणं, पुढे १९४६ मध्ये भांडून वाढवलेला पगार. दुसऱ्यात न केलेलं: निबंधात नाव नाही, कॉलेजात जाण्यासाठी पाठबळ नाही, आणि घरच्या मेजवान्यांत हाच थॉमस पाहुण्यांना मद्य वाढायला. दोन्ही रकाने भरले की त्यांची बेरीज करू देऊ नका. एकाने दुसरा खोडला जात नाही.

‘मैत्रीची हृद्य गोष्ट’ हा तिसरा घसरता उतार, आणि चित्रपटाचा स्वतःचा कलही थोडा तिकडेच आहे. रिकमन इतका लोभस आहे की प्रेक्षक त्याला माफ करायला उतावीळ होतो. अशा वेळी क्लॅराचे, थॉमसच्या पत्नीचे, प्रसंग आठवायला सांगा. गॅब्रिएल युनियनने ती भूमिका केली आहे. घरभाडं, पगार आणि नवऱ्याचं मोडलेलं कॉलेजचं स्वप्न यांचा हिशोब तिच्या वाक्यांत आहे.

कुत्र्यांचा प्रश्न आला तर टाळू नका. जवळपास दोन वर्षं आणि २०० च्या आसपास कुत्री एवढं ते काम होतं. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना हा आजार नव्हता. आधी निरोगी कुत्र्याच्या रक्तात प्राणवायूची कमतरता घडवायची, मग ती दुरुस्त करायची, असे दोन टप्पे होते, आणि चारपैकी दोन दोष थॉमसला हुबेहूब घडवता आले. दीर्घकाळ जगलेल्या पहिल्या कुत्रीचं नाव अ‍ॅना. तिचं चित्र हॉपकिन्समध्ये लावलं आहे. एकाने ‘कुत्रीचं चित्र आधी लागलं की थॉमसचं?’ असं विचारलं तर घाईने उत्तर देऊ नका, प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्या.

चित्रपट आणि वस्तुस्थिती यांतले दोन फरक सांगायलाच हवेत. पहिली मुलगी शस्त्रक्रियेतून वाचली, पण पुढच्या वर्षी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर गेली. पहिल्याच दिवशी सगळं साधलं असा समज करून लोकांना घरी पाठवू नका. ओठ लख्ख गुलाबी होण्याचा तो प्रसंग तिसऱ्या रुग्णाच्या वेळचा, सहा वर्षांच्या मुलाचा. दुसरा फरक शीर्षकाचा. ‘हे देवाने केल्यासारखं दिसतंय’ या अर्थाचं ते वाक्य ब्लॅलॉकने उच्चारलं ते १९४६ मधल्या वेगळ्या कामावर. थॉमसने हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात वाट करायची रीत बसवली होती, आणि आत कापल्याची खूण सापडत नव्हती.

टॉसिगवरही दहा मिनिटं ठेवा. मूळ कल्पना त्यांची, निबंधावर नाव त्यांचं, तरी पूर्ण प्राध्यापकपद मिळालं १९५९ मध्ये. त्या थॉमसच्या जागी नव्हत्या, त्यांच्यासमोर दारं उघडी होती, पण पुढची खुर्ची उशिरा मिळाली. हा फरक गटाला स्वतःच्या शब्दांत मांडायला लावा. कोणी ‘दोघंही सारखेच’ म्हणालं तर एकच विचारा: हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाळेत पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी कधी पदवीधर झाले? १९६७ मध्ये. थॉमस तिथे येऊन तोवर २६ वर्षं झाली होती आणि त्याच्या हाताखाली शिकलेले सर्जन देशभर विभाग चालवत होते.

शस्त्रक्रियेचं नाव कित्येक वर्षं ‘ब्लॅलॉक-टॉसिग शंट’ (शंट म्हणजे रक्ताची वळवलेली वाट) असं लिहिलं गेलं. आता अनेक ठिकाणी ‘ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग’ लिहितात. विद्यार्थी असतील तर त्यांना आपल्या पाठ्यपुस्तकात कोणतं नाव आहे ते तिथल्या तिथे उघडून पाहायला सांगा.

शेवटची पंधरा मिनिटं पाकिटासाठी राखा. चिठ्ठ्या वाचा, जोडीजोडीने. काहींनी एकच नाव लिहिलेलं असतं, बसून शिवणाऱ्याचं. काही चिठ्ठ्यांवर दोन्ही असतात, पण मागे उभा राहिलेल्याचं नाव कंसात किंवा ‘मदत’ या शब्दापुढे. मागे उभा राहिलेल्यानेही पुष्कळदा स्वतःचं नाव वगळलेलं असतं, त्याला का ते विचारा. मग चिठ्ठ्या आणि आदल्या दिवशीचे सांधे एकत्र परत द्या, आणि ज्याला आपली चिठ्ठी बदलायची असेल त्याच्यासाठी टेबलावर एक पेन ठेवा.